फणसाच्या फांदीचा प्याला

माझा पहिला प्याला एप्रिलच्या एका रात्री फुटला. सोप्यात टेबलावर ठेवला होता, वर पंखा फिरत होता, आम्ही झोपायच्या तयारीत. 'टक्' असा आवाज आला. पाल पडली असेल म्हणून कुणी उठलं नाही. सकाळी पाहतो तर काठापासून बुडापर्यंत नख जाईल एवढी चीर. दोन रविवार त्यावर गेले होते. शेजारच्या म्हाताऱ्या मेस्तांकडे नेला (गोव्यात, आमच्या डिचोलीत सुताराला थवय म्हणतात, पण समोर असले की मेस्त). त्यांनी तो उलटा केला, बुडावरच्या एका काळसर ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गाभो भितरूच उरला. आनी एप्रिलांत कोण कोरता?" गाभा, म्हणजे ओंडक्याच्या अगदी मधोमधचा तो ठिपका, आतच राहिला होता.

हा लेख म्हणजे त्या दोन वाक्यांचाच विस्तार आहे. ज्यांनी कधी पटाशी हातात धरलेली नाही, पण एखादी वस्तू स्वतःच्या हाताने करून तिच्यातून पाणी प्यायची हौस आहे, त्यांच्यासाठी.

प्याला का फुटतो

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी उडतं तेव्हा लाकूड नुसतं हलकं होतं, आकार बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तिथून लाकूड आकसतं. आकसतं तेही सगळीकडे सारखं नाही. वर्षावर्षाच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. एकाच तुकड्यात ही ओढाताण चाललेली असते. मधोमध गाभा असलेला गोल ओंडका वाळला की तडकतो तो याच कारणाने. त्यात बाहेरची बाजू भराभर वाळली आणि आतली ओलीच राहिली, तर विचारायलाच नको.

यावर उपाय दोन. गाभा काढून टाकायचा, आणि वाळवण्याचा वेग मंद ठेवायचा. पहिली गोष्ट करवतीने होते. दुसरी आपल्याकडे पाऊस फुकट करून देतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत हवाच इतकी ओली असते की कपडे वाळत नाहीत, मीठ बरणीत पाझरतं. कपड्यांचं हे दुःख प्याल्याच्या पथ्यावर पडतं. म्हणून माझं वेळापत्रक असं: जून-जुलैत लाकूड मिळवायचं, चतुर्थीच्या आधी ओबडधोबड कोरून ठेवायचं, दसरा-दिवाळीपर्यंत विसरायचं, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला तासून तेल लावायचं. नाताळात प्याला हातात. मार्चमध्ये हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) येईपर्यंत तर तो चांगला मुरलेला असतो.

आधी एक करवंटी

लाकडाला हात लावण्यापूर्वी करवंटीचा एक प्याला करा. एका दुपारचं काम आहे आणि बिघडलंच तर चुलीत जातं. जून, पूर्ण पिकलेला नारळ घ्या. कोवळ्याची करवंटी पातळ असते आणि वाकडी होते. सोलल्यावर एका टोकाला तीन डोळे दिसतात. त्यातला एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो, आणि पाणीही तिथूनच गळतं. म्हणून प्याल्यासाठी डोळ्यांच्या विरुद्ध बाजूचा भाग. लोखंड कापायच्या बारीक दातांच्या करवतीने डोळ्यांपासून एक तृतीयांशावर गोल रेघ मारून कापा. कोयत्याच्या पाठीने फोडलेल्या करवंटीचा काठ कधीच सरळ येत नाही. खोबरं काढून करवंटी दोन दिवस सावलीत वाळवा, आतली तांबडी साल चमच्याने खरवडा, बाहेरची काथ्याची लव काचेच्या तुकड्याने काढा आणि पॉलिश पेपरने घासा. खाली बसक्यासाठी बांबूची बोटभर उंचीची कडी. झालं. डोळ्यांची बाजू टाकू नका, तिला दांडा बसवला की दवली, म्हणजे पळी, होते.

करवंटीतून शिकायचं ते एवढंच: घासताना हात किती जड पडतो आणि काठ ओठाला लागेल इतका गुळगुळीत व्हायला किती वेळ जातो. तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट.

लाकूड कोणतं

माझी पहिली पसंती फणस. मिळायला सोपा, कोरायला मध्यम, आणि पिवळाधमक रंग, जो पुढे वर्षा-दोन वर्षांत मधासारखा गडद होतो. हा पिवळा रंग पाण्यात उतरतो हे मात्र आधी सांगून ठेवतो. फणसाच्या लाकडाच्या भुशात मोरिन नावाचं रंगद्रव्य असतं. बौद्ध भिक्षूंची चिवरं पूर्वी त्यानेच रंगवत. नव्या प्याल्यातलं पाणी पहिले काही दिवस फिकट पिवळं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, उकळण्याची पायरी नीट केली की हे बरंच कमी होतं. साल काढताना चीक निघतो. घरी फणस कापताना करतो तेच करायचं, हाताला आणि पात्याला खोबरेल.

दुसरी पसंती शिवण. फिकट, हलकं, वास नसलेलं, आणि वाळताना फारसं वेडंवाकडं न होणारं लाकूड. नवशिक्याला खरं तर हेच द्यावं, पण कुळागराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) बांधावर शिवण असेल तरच मिळतं. चिंच सुरेख दिसते आणि वर्षानुवर्षं टिकते. मात्र ती इतकी चिवट की बाजारात मासे आणि मटण कापायच्या ठोकळ्याला वापरतात. पहिल्या प्याल्याला चिंच घेतलीत तर दुसरा प्याला तुम्ही करणार नाही. आंबा चालतो, पण पावसात त्यावर निळसर-काळी बुरशी झपाट्याने चढते आणि त्याच्या चिकाने काहींच्या हाताला पुरळ येतं. पांगारा नको. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, कारण तो लोण्यासारखा कापला जातो. पण तो तितकाच सच्छिद्र, पाणी धरत नाही. सागाचाही आग्रह धरू नका. त्याच्या भुशाने कातडीला त्रास होतो आणि प्यायच्या भांड्याला लागणारा निर्मळपणा त्याच्या वासात नाही.

लाकडी प्याला म्हटला की पुष्कळांना बिबळ्याचा पेला आठवतो. रात्रभर त्यात पाणी ठेवायचं, सकाळी तांबूस झालेलं पाणी मधुमेहावर म्हणून प्यायचं. त्याच्या औषधीपणाबद्दल डॉक्टरांना विचारा, मी सांगणार नाही. पण त्या पेल्याने एक गोष्ट स्वच्छ दाखवून दिली आहे: लाकडातलं जे काही असतं ते पाण्यात उतरतं. म्हणूनच पुढची यादी गमतीवारी नेऊ नका. काजरा नको, त्याच्या बीत स्ट्रिकनीन असतं. कण्हेर आणि पिवळी बिट्टी नको. बिब्बा नको, शेर नको. खाजनाच्या (खाडीलगतच्या सखल जमिनीच्या) कडेला वाढणारा गेवा तर तोडायलाही जाऊ नका, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेततं. आणि ज्या झाडाचं नाव घरातल्या कुणालाही सांगता येत नाही, त्याचा प्याला करायचा नाही.

मिळवायचं कुठून

प्याल्यासाठी जिवंत झाड तोडावं लागत नाही. मे महिन्यात विजेच्या तारांजवळच्या फांद्या छाटल्या जातात, जूनच्या पहिल्या वाऱ्यात कुणाच्या तरी भाटातला (बागेतला) फणस आडवा होतो, आणि मालकाला ते लाकूड हलवून हवंच असतं. विचारून घ्यावं. अख्खं झाड पाडायचं असेल, अगदी आपल्या जमिनीतलं असलं तरी, 'गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४' लागू होतो आणि वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांतून पडलेली काटकीही उचलायची नाही. जंगलाला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यात नातेवाईक असलेल्यांना हे जास्त सांगावं लागतं.

फांदी किंवा ओंडका १८ ते २० सेंटिमीटर जाडीचा हवा. त्याहून बारीक घेतला तर गाभा काढल्यावर हातात काही उरत नाही. प्याला आणि दांडा मिळून २० सेंटिमीटर लांब होणार असेल तरी तुकडा ३० चा कापा, कारण दोन्ही टोकं आधी तडकतात आणि ती फेकूनच द्यायची असतात. आणल्या दिवशी काम सुरू होणार नसेल तर तुकडा बादलीत बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. नाहीतर टोकांना मेण फासून ओल्या पोत्यात गुंडाळा.

हत्यारं

थोडी घ्या आणि धारदार ठेवा. बारीक दातांची करवत, लहान कुऱ्हाड किंवा जड कोयता, लाकडी मोगर (हातोडा), २० ते २५ मिलिमीटर रुंद गोल पटाशी, एक सरळ सुरी, एक वाकड्या टोकाची हुक सुरी, कानस, आणि ८० पासून ३२० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर. कोयता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हातात घेऊन, वजन बघून घ्यावा. हुक सुरी मात्र ऑनलाइनच मागवावी लागते. ती नसेल तरी चालतं, गोल पटाशीने काम होतं, फक्त आतला तळ घासायला जास्त वेळ जातो.

धार हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात: आधी दगड, मग जुन्या चामडी पट्ट्यावर वीस-पंचवीस हात. अंगठ्याने धार पाहू नका. ओल्या फणसाच्या तुकड्याच्या आडव्या टोकावर पातं चालवा. चकचकीत काप आला तर धार आहे, पांढुरकी खरखर आली तर नाही. अपघात बोथट हत्याराने जास्त होतात, कारण जोर लावावा लागतो आणि जोर सुटला की हात कुठे जाईल ते आपल्या हाती नसतं. डाव्या हातात काप न लागणारा हातमोजा घाला. मांडीवर ठेवून कोरायचं नाही, कधीच. मांडीत मोठी रक्तवाहिनी असते.

तुकडा धरायला काहीतरी हवं. चिंचेच्या ओंडक्यावर किंवा जाड फळीवर दोन पट्ट्या ठोका, मध्ये तुकडा बसेल एवढं अंतर ठेवा आणि एका बाजूने पाचर मारा. शिकंजा असेल तर उत्तम. मी पहिला प्याला पायांच्या तळव्यांत धरून कोरला होता, जुने कारागीर करतात तसा. त्यांना जमतं, कारण लहानपणापासून जमतं.

गाभा बाहेर

ओंडका उभा करा, गाभ्यावरून कुऱ्हाड ठेवा आणि मोगराने ठोका. शिवण सरळ दुभंगते. फणसाच्या रेषा कधीकधी एकमेकींत गुंतलेल्या असतात, मग करवतीनेच चिरावं. दोन अर्धी मिळाली की प्रत्येकाच्या सपाट बाजूवरून आणखी दीड-दोन सेंटिमीटर तासून टाका. तो काळसर ठिपका, तो गाभा, पूर्ण जायला हवा. बुडात, काठात, दांड्यात, कुठेही राहिला तरी तिथून चीर निघणार.

आता या सपाट बाजूवर वरून दिसणारा आकार पेन्सिलने काढा. बाहेरून साडेनऊ सेंटिमीटरचं वर्तुळ, आत साडेसातचं, आणि एका टोकाला दोन बोटं मावतील एवढा दांडा. आतली खोली ५ सेंटिमीटर ठेवली तर साधारण १५० मिलिलिटर पेय मावतं, म्हणजे चहाचा एक भरलेला कप. दांडा लाकडाच्या लांबीतच यायला हवा. आडवा काढलात तर पहिल्यांदा पडला की तुटेल.

आधी आत, मग बाहेर

पहिल्यांदा करणारे उलटं करतात. बाहेरचा सुंदर आकार आधी काढतात, मग तो गोल गुळगुळीत तुकडा कुठे धरायचा हे कळत नाही. बाहेरून चौकोनी असतानाच आतून पोकळ करा.

पटाशी काठाकडून मध्याकडे चालवायची, मध्याकडून काठाकडे नाही. रेषांना आडवी. पहिल्या घावांत मध्ये एक खळगा करा, मग तो चारी बाजूंनी रुंदावत न्या. पातळ, वळणाऱ्या सालपटी निघायला हव्यात. तुकडे उडत असतील तर एकतर धार गेली आहे किंवा तुम्ही रेषांच्या विरुद्ध जात आहात, दिशा बदला. खोली मोजायला काठावर एक पट्टी आडवी ठेवा आणि काडी आत सोडा. बुडाला निदान १२ मिलिमीटर लाकूड राखा. मी एकदा 'अजून थोडं' म्हणत बुडातून आरपार गेलो. त्या प्याल्यात आता पुदिना आहे.

आतलं झालं की दांडा जिथे प्याल्याला मिळतो तिथे दोन्ही बाजूंनी करवतीचे काप घ्या. हे काप म्हणजे कुऱ्हाडीला घातलेलं कुंपण. पातं सुटून दांड्यात घुसत नाही. मग कुऱ्हाडीने चार कोपरे उडवा, आठ करा, नंतर सुरी. या टप्प्यावर भिंत सगळीकडे १० ते १२ मिलिमीटर ठेवायची आहे. अंगठा आत, तर्जनी बाहेर, डोळे मिटून फिरवा. जाड-बारीक बोटांना लगेच कळतं. जाडी सारखी नसेल तर बारीक भाग आधी वाळतो आणि जाड भागाला ओढतो.

हे सगळं एकाच दिवशी, निदान दोन दिवसांत उरकायचं. रात्री अर्धवट काम उघड्यावर ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत, ओल्या सालपटींसह बांधून ठेवा.

उकळणं

मोठ्या पातेल्यात प्याला पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या, थंड पाण्यातच तो सोडा आणि वर वाटीने दाब द्या म्हणजे तरंगणार नाही. तासभर मंद उकळी. पाणी हळदीसारखं होईल. आच बंद करून प्याला त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या, गरम असताना बाहेर काढलात तर वाफेबरोबर पृष्ठभाग एकदम सुकतो आणि केसासारख्या चिरा पडतात. उकळल्याने रस आणि रंग उतरतो, आत असलेली किडीची अंडी मरतात. फणसाच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागाला भुंगा लवकर लागतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडात, सामी लोक बर्चच्या खोडावरच्या गाठीपासून 'कुक्सा' नावाचा प्याला करतात. आज जगभर हौशी मंडळी जे लाकडी प्याले कोरतात, त्यांचा मूळ नमुना तोच. तिकडच्या कृतीत उकळताना पाण्यात मूठभर मीठ घालतात. मीठ लाकडात ओलावा धरून ठेवतं आणि ते सावकाश वाळतं. तिकडच्या कोरड्या थंडीला हे ठीक. आपल्याकडे मीठ घातलेला माझा प्याला ऑक्टोबरपर्यंत हाताला ओलसर लागत होता. तुम्ही मीठ घालू नका. गाठीबद्दल मात्र त्यांचं खरं आहे: गाठीत रेषा सगळीकडे वळलेल्या असतात, त्यामुळे चीर पळत नाही. जुन्या पडलेल्या झाडावर अशी गाठ सापडली तर राखून ठेवा. मात्र ती पहिल्या प्याल्याला नको, कोरायला ती फार हट्टी.

विसरायचे दिवस

उकळून निथळलेला प्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि बुडावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा. मग वर्तमानपत्राच्या दोन थरांत गुंडाळून कपाटात, वारा न लागणाऱ्या जागी. पहिला आठवडा कागद रोज बदला, तो दमट होतो आणि तिथेच बुरशी धरते. बुरशी दिसली तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसून तासभर सावलीत उघडा ठेवा आणि पुन्हा गुंडाळा. ती पृष्ठभागावर असते, नंतर तासण्यात जाते. दोन आठवड्यांनी एकच थर करा. महिन्याने कागद काढून नुसतं कपाटात.

दर रविवारी वजन. पहिल्यांदा भराभर उतरेल, मग सावकाश, मग थांबेल. पण ऑगस्टमध्ये थांबलं म्हणजे वाळलं असं समजू नका. पावसाळी हवेशी त्याचा समतोल झाला, एवढाच त्याचा अर्थ. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की वजन पुन्हा उतरायला लागतं आणि घाई केलेले प्याले नेमके तेव्हाच फुटतात. चतुर्थीला घरी पाहुणे येतात, कुणीतरी तो कपाटातून काढून माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) शोभेला ठेवतं, वर समई, शेजारी पंखा. आमच्याकडे हे घडलेलं आहे. प्याला लपवून ठेवा.

उन्हात, फ्रिजवर, गॅसजवळ, मायक्रोवेव्हमध्ये वाळवायचे सगळे आडमार्ग मी करून पाहिले आहेत किंवा दुसऱ्यांनी केलेले पाहिले आहेत. एकही सांगण्यासारखा नाही.

दिवाळीनंतर सलग दोन रविवार वजन एकच आलं की प्याला तयार. तो आता गोल नसेल, थोडा लंबगोल झालेला असेल. तसाच राहू द्या, ओठाला लंबगोल काठ बरा वाटतो.

तासणं आणि घासणं

वाळलेलं लाकूड ओल्याच्या मानाने दगड. पण आता फक्त साफसफाई आहे. धारदार सुरीने बाजूच्या भिंती ५ ते ६ मिलिमीटरवर आणा. बूड, दांड्याकडची भिंत आणि तिच्या समोरची भिंत ८ वर राखा. या दोन भिंतींत रेषांची टोकं उघडी असतात, पाणी झिरपलं तर तिथूनच झिरपतं. काठ आतून-बाहेरून गोलवा. धारदार काठ ओठाला बोचतो.

मग पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४०, ३२०. उडी मारू नका, ८० चे ओरखडे २४० ने जात नाहीत. नाकाला मास्क बांधा, फणसाचा बारीक भुसा घशात बसतो. २४० झाल्यावर प्याला पाण्याने ओला करून वाळवा. दबलेले तंतू उभे राहून पृष्ठभाग दाढीच्या खुंटांसारखा होईल. पुन्हा घासा. असं तीनदा. हे आता केलं नाही तर पहिल्या सरबताला हेच खुंट जिभेला लागतात.

लोखंडी हत्यारं ओल्या लाकडाला लागून निळे-काळे डाग पडले असतील तर लिंबाची फोड घासून धुवा, बहुतेक जातात.

तेल

इथे गोवेकराचा हात आपसूक खोबरेलाकडे जातो. खोबरेल वाळत नाही. लाकडात शिरतं, चमक देतं आणि धुतलं की हळूहळू निघून जातं. रोजच्या पुसण्याला ते चालेल, पाणी अडवायला नाही. मी भिरंडेलही लावून पाहिलं, पायांच्या भेगांना लावतात तेच कोकमाचं घट्ट तूप. हाताला फार सुंदर लागतं, पण ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे चहा ओतला की तवंग वर.

हवं ते वाळणारं तेल, आणि त्यात सहज मिळणारं म्हणजे जवसाचं. ते हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या आत घट्ट होतं. खाण्याचं, घाण्यावर काढलेलं घ्या. हार्डवेअरच्या दुकानात 'बॉईल्ड' म्हणून मिळतं ते घेऊ नका, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. काजूच्या सालीचं तेलही नको, होड्या टिकवायला लावतात म्हणून प्याल्यालाही चालेल असं कुणी सांगेल. त्याने कातडीवर फोड येतात. लाखेबद्दलही विचारणा होते, कारण आपल्या चितारी मंडळींची लाखेची कामं, पाट, पाळण्याचे खांब, खेळणी, डोळ्यांपुढे असतात. शोभेच्या वस्तूवर लाख सुंदरच. पण लाख दारूत विरघळते, आणि ४० टक्क्यांहून जास्त मद्यार्काची फेणी तिच्यात ओतली की लेप चिकट होतो.

तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा. पहिला हात सढळ, आत-बाहेर, लाकूड पिईल तितकं. वीस मिनिटांनी राहिलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून टाका. पुसलं नाही तर वर चिकट साय धरते आणि ती काढायला पुन्हा पॉलिश पेपर. तीन-चार दिवसांनी दुसरा हात, असे पाच. नंतर तीन-चार आठवडे हवेशीर जागी. हाताला तेलकट लागत नाही आणि वास मंदावला आहे, तेव्हा झालं.

फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून ते आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर एकेरी पसरून वाळवा, मग फेका.

मधाचं मेण लावायचं तर फक्त बाहेरून. ते ६२-६४ अंशांना वितळतं, चहा त्याहून गरम असतो.

वापरायला लागल्यावर

पहिले आठ दिवस फक्त साधं पाणी, आणि तेही प्यायलं की ओतून पुसून ठेवायचं. मग कोकम सरबत, ताक, हुर्राक, काय हवं ते. सोलकढी ठेवून देऊ नका, गुलाबी कड पडते. चहा चालतो, पण थेट उकळता नको. साबण कमी, घासणी नाही, बेसिनमध्ये भिजत घालणं तर मुळीच नाही. धुऊन पुसून उपडा न ठेवता आडवा ठेवा, आत हवा खेळायला हवी. दर पावसाळ्यापूर्वी, पापडांना ऊन दाखवण्याच्या सुमाराला, तेलाचा एक हात.

काठाला नखाएवढी चीर आलीच, तर चीर संपेपर्यंत काठ खाली उतरवा. दोन-तीन मिलिमीटरने प्याला बुटका होईल इतकंच. चीर बुडाकडे गेली असेल तर ती गोंदाने भरून त्यातून प्यायचा मोह नको. मेस्त अशा प्याल्यात खिळे ठेवतात. माझा एप्रिलातला त्यांच्याकडेच आहे, खिडकीत, दीड इंची खिळ्यांनी भरलेला.